ताटातील भाकरी

रोजच्या ताटात पोळी वाढावी की भाकरी, हा निर्णय वरकरणी केवळ चवीचा वाटत असला, तरी त्याचा एक धागा शरीराशी आणि दुसरा जमिनीशी जोडलेला असतो. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी निगडित गुणांची कायदेशीर ओळख, मिळाली. तेथील खोल काळ्या रानात रब्बीची ज्वारी पावसाळा ओसरताना पेरली जाते आणि मुख्यतः जमिनीत मुरलेल्या ओलीवर पोसली जात असल्याने उसासारखी पाण्याच्या पाळ्यांवर विसंबून राहत नाही. दाणा माणसाच्या वाट्याला येतो, तर कडबा, म्हणजे कणसे खुडल्यावर उरलेली वाळकी ताटे, गुरांच्या दावणीत जातो.

ज्वारीत ग्लूटेन, म्हणजे कणकेला चिवटपणा देणारे प्रथिन, नसते; म्हणूनच भाकरी थापण्यास हाताचे कसब लागते आणि हेच कसब विसरत चालल्याने ती शहरी स्वयंपाकघरातून मागे पडली असावी. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा या धान्यांची बिस्किटे चकचकीत वेष्टनांतून अवतरली. परंतु साखर आणि प्लास्टिक यांच्या सोबतीने आलेले धान्य आरोग्याचे व पर्यावरणाचे किती भले करील, हा विचार उरतोच. उलट शिळी भाकरी ताकात कुस्करणाऱ्या किंवा फोडणीस टाकणाऱ्या घराने काटकसर आणि शाश्वतता यांतील अंतर केव्हाच मिटवलेले असते.