पिण्याच्या रात्रीची गोळी

एच.आय.व्ही.विषयी आपल्या समाजात भीती पुष्कळ आहे, माहिती मात्र बेताचीच. त्या भीतीत दारूचा विषय मिसळला की बोलणेच खुंटते. रोगाची लाज आणि व्यसनाची लाज, अशा दुहेरी ओझ्याखाली वाकलेली माणसे मी एका एआरटी केंद्रात समुपदेशक म्हणून काम करताना अनेक वर्षे जवळून पाहिली. एकेकाच्या वाट्याला जेमतेम पंधरा-वीस मिनिटे येत; बाहेर बाकावर पुढची माणसे ताटकळत असत. एवढ्या अल्प अवधीतही काय साधू शकते, हे वाचकांपुढे मांडावेसे वाटते.

प्रथम औषधाविषयी. शासनाने १ एप्रिल २००४ पासून ही औषधे मोफत देण्यास प्रारंभ केला. आज बहुतेक प्रौढ रुग्णांना दिवसातून एकच गोळी पुरते. तिने विषाणू शरीरातून समूळ नाहीसा होत नाही. परंतु त्याची वाढ थोपवली जाते, आणि रक्तातील त्याचे प्रमाण चाचणीलाही सापडू नये इतके खाली येते. ते तसेच टिकून राहिले तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे आता निर्विवाद सिद्ध झाले आहे. अट एकच : नेम चुकता कामा नये. महिन्याच्या तीस गोळ्यांपैकी दोन राहिल्या तरी पालनाचे प्रमाण ९५ टक्क्यांच्या खाली घसरते. वारंवार खंड पडला तर विषाणू औषधाला जुमानेनासा होतो.

दारू हा नेम दोन वाटांनी मोडते. पहिली वाट सर्वांच्या परिचयाची : प्यायलेला माणूस गोळी विसरतो. दुसरी वाट सहसा ध्यानात येत नाही. एक मध्यमवयीन ट्रकचालक केंद्रावर येत असे. स्वभावाने सरळ, घरी बायको व दोन मुले. रक्तातील विषाणूचे प्रमाण वाढलेले आढळले तेव्हा त्याला माझ्याकडे पाठवण्यात आले. मी विचारले, "दादा, मागच्या आठवड्यात किती दिवस घेतली?" तो थोडा वेळ खाली मान घालून बसला. मग म्हणाला, "तीन दिवस. पण मॅडम, घेतली त्या रात्री मी गोळीला हात लावत नाही. दोन्ही पोटात गेलं की विष होतं म्हणतात."

म्हणजे तो विसरत नव्हता. सावधगिरी म्हणून, मुलाबाळांच्या काळजीने गोळी टाळत होता! हा समज त्याच्या एकट्याचा नव्हे. अमेरिकेत अटलांटा येथे सेथ कॅलिकमन यांनी केलेल्या अभ्यासांतही मद्य व औषध एकत्र होऊ नयेत या भीतीने गोळी चुकवणारे रुग्ण आढळले. वस्तुस्थिती अशी की, टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन व डोल्युटेग्रॅव्हिर ही आजची नेहमीची औषधे दारूसोबत विषारी होत नाहीत. दारू यकृताची हानी करतेच, आणि कावीळ असेल वा क्षयाची औषधे चालू असतील तर अधिकच करते. म्हणून ती कमी करावी, सोडता आल्यास उत्तमच. परंतु प्यायल्या दिवशीही गोळी मात्र घ्यावीच. हे एक वाक्य कोणी त्याला पूर्वीच सांगितले असते तर? पण सांगणार कसे? "पिणे बंद करा" एवढेच ज्याच्या कानी पडते, तो पुढच्या खेपेस "बंद केली" असे सांगून मोकळा होतो. मग पिण्याच्या रात्रीच्या गोळीची गोष्ट कधी निघतच नाही.

म्हणूनच अल्पकालीन समुपदेशनात उपदेशापेक्षा प्रश्नाला मोल अधिक. विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये ही संवादपद्धती प्रथम मांडली. तिचे सार असे, की बदलाचे कारण माणसाच्या स्वतःच्या मुखातून यावे. किती पिता, केव्हा पिता, त्याने काय मिळते, काय हातचे जाते, हे दोष न देता विचारायचे. चाचणीचा निकाल समोर ठेवायचा. आणि पुढचे पाऊल त्यालाच ठरवू द्यायचे. त्या ट्रकचालकाने दोन गोष्टी ठरवल्या. गोळी रात्रीऐवजी सकाळच्या चहाबरोबर घ्यायची, आणि दारू फक्त शनिवारी. डॉक्टरांनी वेळेच्या बदलास संमती दिली. गोळीचा नेम लवकर बसला. शनिवारचा नेम बसायला बरेच महिने लागले. दारू कमी झाली म्हणून गोळी आपोआप नियमित होत नाही. दोहोंविषयी वेगवेगळे बोलावे लागते.

अशा बोलण्यास मोठी पदवी लागतेच असे नाही. गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगाथ' संस्थेने घातक मद्यपान करणाऱ्या पुरुषांसाठी हा प्रयोग केला. प्रशिक्षण दिलेल्या सामान्य कार्यकर्त्यांनी प्रत्येकाशी जास्तीत जास्त चार वेळा संवाद साधला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के घातक मद्यपानातून बाहेर आले होते. न मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. ते रुग्ण एच.आय.व्ही.चे नव्हते, पण पद्धत तीच. मुंबईतील एआरटी केंद्रांतही मद्यपान करणाऱ्या पुरुषांसाठी वैयक्तिक व गटसमुपदेशनाचे प्रयोग झाले आहेत.

या उपायाला मर्यादाही आहेत. दारूवाचून ज्याचे हात थरथरतात, त्याने ती घरच्या घरी एकाएकी सोडू नये. जिवावर बेतू शकते. त्याला डॉक्टरांच्या देखरेखीचीच गरज असते.

राहता राहिली आपली जबाबदारी. आपल्याकडे लग्न असो वा बाप्तिस्मा, पेला पुढे केल्याशिवाय पाहुणचार पुरा झाल्यासारखे वाटत नाही. एखाद्याने "आज नको" म्हटले तर कारण विचारू नये, आग्रहही करू नये. त्या दोन शब्दांमागे त्याने महत्प्रयासाने बांधलेला नेम असू शकतो. कोणाच्या आजाराची कुजबुज तर मुळीच करू नये. २०१७ च्या कायद्याने रुग्णाच्या गोपनीयतेला संरक्षण दिले आहे, पण शेजारधर्माला कायद्याची वाट पाहावी लागू नये. आणि ज्या घरात हे औषध चालू आहे, तिथल्या माणसांना एवढेच सांगणे, की धनी उशिरा, झोकांड्या खात परतला तरी "आज पुन्हा प्यायलात?" हा प्रश्न सकाळवर टाकता येईल. "गोळी घेतली का?" हा मात्र त्याच रात्री विचारावा.