टॅगवर किती विसंबायचं?

गंगापूर रोड, नाशिक. रात्री उशिरा.

आमची सेवा वापरणारे लोक नाशिकचे, पण तिच्या कंटेनर इमेज राहतात पुण्यात. मायक्रोसॉफ्ट अझूरचा 'सेंट्रल इंडिया' विभाग 2015 पासून तिथे आहे, आणि आमची रजिस्ट्री त्याच विभागात.

आज जुन्या इमेज चाळताना मन अडकलं ते 'लेटेस्ट' या टॅगपाशी. टॅग म्हणजे डब्यावरची चिठ्ठी. आज या इमेजवर, उद्या दुसरीवर. प्रत्यक्षात नेमकं काय चाललंय, हे तिच्यावरून कळत नाही. डायजेस्टचं तसं नसतं. इमेजच्या मॅनिफेस्टवरून एसएचए-256 पद्धतीने काढलेली ती खूण. आत एक बाइट बदलला तरी खूण बदलते. प्रॉडक्शनमध्ये डायजेस्टच लिहावा, याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही.

साफसफाईही वाटते तितकी सोपी नाही. नुसता टॅग काढला तर मॅनिफेस्ट आणि त्याचे थर मागे तसेच उरतात, जागा अडूनच राहते. शिवाय एकच थर अनेक इमेज वापरत असतात.

नोव्हेंबर 2020 मध्ये डॉकर हबने लॉगिन न करणाऱ्यांना सहा तासांत 100 पुलची मर्यादा घातली. तेव्हापासून दुसऱ्याच्या रजिस्ट्रीवर पूर्ण विसंबणं मला धोक्याचं वाटतं.

2027 च्या सिंहस्थासाठी नाशिकमध्ये सेवा उभारणाऱ्या मित्रांनो, बेस इमेज आत्ताच स्वतःच्या रजिस्ट्रीत आणून ठेवा, आणि चालू इमेज लॉक करा.