चौरंगाचा पाय

गणपती बसायला सहा दिवस होते. माळ्यावरून काढलेला सागवानी चौरंग पुसून पडवीत वाळत ठेवला आणि दूध उतू जाईल म्हणून आत गेले. परत येईपर्यंत त्याच्या एका पायाचा खालचा गोलवा गेलेला होता. मिरी शेजारीच बसून भुसा चाटत होती.

तो चौरंग माझ्या वडिलांनी घडवलेला. ते शाळेत सुतारकाम शिकवायचे. चारही पाय त्यांनी घरी, याच पडवीत बसून पटाशीने कोरले होते, आणि त्यांच्यामागे गणपती त्याच चौरंगावर बसतो. कुत्र्याच्या पुढच्या दातांनाही आपण पटाशीचे दात का म्हणतो, ते मला त्या दिवशी दिसलं. लाकडावर बारीक, सरळ, एकसारख्या खुणा होत्या. मी वर्तमानपत्राची सुरळी करून मिरीला दोन फटके दिले. ती केकाटली नाही. अंग चोरून दिवाणाखाली गेली आणि रात्रीपर्यंत बाहेर आली नाही.

पुढचे तीन दिवस घरात कुरतडण्याचा आवाज नव्हता. मला वाटलं, शिकली.

चौथ्या दिवशी सजावटीचं खोकं काढायला दिवाण ओढला. मागे लेकाचा पायमोजा, उशीतला कापूस, पायपुसण्याच्या चिंध्या, आणि मोबाइल चार्जरची वायर. वायरीचं वरचं आवरण सोललेलं होतं, आत तांबं चमकत होतं. लेकाने सकाळी निघताना बटण बंद केलं होतं. तो एरवी कधीच करत नाही. मी तिथेच जमिनीवर बसले.

मिरी आमच्याकडे 2023च्या आषाढात आली. साताऱ्यात तेव्हा पाऊस उघडीप देत नव्हता आणि पलीकडे बांधकामाच्या वाळूच्या ढिगाआड हे काळं, मिरीच्या दाण्यासारखं पिल्लू कुडकुडत पडलं होतं. डॉक्टरांनी तोंड उघडून दात मोजले आणि वय सांगितलं, साधारण दोन महिने. म्हणजे गणपतीत ती चार महिन्यांची होणार होती. हा हिशेब मी लसींसाठी लिहून ठेवला होता. दातांशी त्याचा काही संबंध असेल हे मात्र डोक्यात आलं नाही.

त्या संध्याकाळी तिला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी आधी जीभ, टाळू आणि ओठांच्या कडा पाहिल्या. चालू वायर चावली तर तोंड भाजतंच, पण धोका तेवढाच नसतो. काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरू शकतं आणि तोवर पिल्लू वरवर बरं दिसतं. बटण बंद होतं हे मी त्यांना तीनदा सांगितलं. मग त्यांनी मिरीचा वरचा ओठ उचलला आणि मला वाकून बघायला लावलं. हिरडी लाल, सुजलेली. समोर एक खिंडार, आणि त्यातून नव्या दाताचं पांढरं टोक नुकतं वर आलेलं.

पिल्लाला दुधाचे दात 28 असतात. साधारण चौथ्या महिन्यात ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत त्यांच्या जागी 42 येतात. आधी पटाशीचे, मग सुळे नि दाढा. एवढ्याशा जबड्यात एवढी उलथापालथ चाललेली असते. दाबलं की हिरडीला बरं वाटतं, म्हणून पिल्लू मिळेल ते दाबतं. "सागवान आणि गाजर यांतला फरक तिला कुणी सांगितलाय का?" डॉक्टरांनी विचारलं. मी फटक्यांबद्दल सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "ती चावायचं थांबली नाही, तुमच्यासमोर चावायचं थांबली."

म्हणजे मी तिला दिवाणामागे पाठवलं होतं. वायरीपाशी.

घरी आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, "अगं, तुला दात येत होते तेव्हा मनगटाला खारीक बांधून ठेवायचे मी. हिलाही दे." मी डॉक्टरांना फोन करून विचारलं. खारीक नको, बी गिळली तर आतड्यात अडकते. पण आईचं मूळ म्हणणं बरोबर होतं. शेजारच्या सगळ्यांनी काय लावावं ते सांगितलं होतं, काय द्यावं ते फक्त तिने सांगितलं. कुणी चौरंगाला तिखट फासायला सांगत होतं, ते डॉक्टरांनी साफ मना केलं. सुजल्या हिरडीवर आणि डोळ्यांत तिखट जाणं म्हणजे आगीवर आग. मी कारल्याचा रस लावून पाहिला, तो मिरीने चाटून टाकला.

आईने तिचं जुनं नऊवारी फाडलं, तीन पदरांची घट्ट वेणी घातली, दोन्ही टोकांना गाठी मारल्या. ती भिजवून बर्फाच्या कप्प्यात ठेवायची. गार, खरखरीत वेणी तोंडात आली की मिरी डोळे मिटून अर्धा अर्धा तास चघळत बसे. कधी त्यावर रक्ताचा ठिपका दिसे, तेवढं चालतं. धागे सुटू लागले की मात्र वेणी टाकून द्यायची, कारण गिळलेला धागा आतडं आवळतो. मधल्या वेळी गार जाड गाजर, आपण समोर बसून. मटणवाल्याने प्रेमाने हाडं देऊ केली. शिजवलेल्या हाडाची कपची घशात वा पोटात रुतते आणि कच्चं कडक हाड नवा दात फोडतं, म्हणून तीही नाहीत. नखाने दाबून खळ पडत नसेल तर ती वस्तू पिल्लाच्या दातांना फार कडक, ही खूण मला सगळ्यांत उपयोगी पडली.

यापेक्षा अवघड होतं आमचं स्वतःचं वळण. चपला कपाटात, वायरी भिंतीवर, पायमोजे थेट बादलीत. गणपतीत माळांच्या वायरी जमिनीला टेकू दिल्या नाहीत. खिरापतीचा डबाही वर गेला, कारण पंचखाद्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक असतात आणि आलेला प्रत्येक पाहुणा तिला प्रेमाने प्रसाद भरवणार होता. संध्याकाळी सातच्या सुमाराला ती हमखास पिसाळल्यासारखी करायची, पडदे, पदर, काही सोडायची नाही. ते थकलेल्या लेकराचं रडणं होतं, हे ओळखायला मला पंधरा दिवस लागले. एवढ्या पिल्लाला दिवसाला 16 ते 18 तास झोप लागते आणि आमच्या घरात कुणी ना कुणी तिला उठवत होतं. दार लोटून शांत खोलीत ठेवली की दहा मिनिटांत झोपायची.

आणि हिसकावणं बंद. नको ती वस्तू तोंडात दिसली की फडताळातला डबा उघडायचा, बिनमिठाच्या चिकनचा तुकडा नाकाजवळ न्यायचा, वस्तू सुटली की तुकडा द्यायचा आणि वेणी पुढे करायची. सुरुवातीला डब्याच्या आवाजानेही ती दिवाणाखाली पळायची. हातात वर्तमानपत्र असलं की अजून लांब. मी पेपर तिच्यासमोर वाचणं सोडलं. महिनाभर सोडलं.

नवरात्रात आईला गोधडीत एक दात सापडला, तांदळाच्या दाण्याएवढा. बाकीचे बहुधा तिने गिळले, त्याने काही होत नाही. आईने तो अंगणात नेऊन कौलावर फेकला, आमचे फेकायची तसाच.

दिवाळीनंतर वरचा एक दुधाचा सुळा पडेना, नवा त्याच्या शेजारीच उगवला. दोघांच्या मध्ये अन्न अडकून हिरडी बिघडते, म्हणून नसबंदीच्या वेळी, भूल दिलेली असतानाच डॉक्टरांनी तो काढला.

चौरंगाचा पाय मी दुरुस्त केलेला नाही. मिरी आता मोठी झाली आहे, चावायला तिला अजूनही रोज काहीतरी लागतंच. परवा बाहेरून आले, चप्पल दारातच राहिली. थोड्या वेळाने पाहिलं तर ती चप्पल तोंडात धरून, एकही दात न लावता, फडताळासमोर बसली होती.