बाराच्या ठोक्याला सालारजंग

नांदेडहून आई आली की मॉलमधले भाव बघून म्हणते, "मी घरीच बरी." या वेळी डबा बांधला, हायटेक सिटीहून एमएमटीएसने नामपल्ली गाठली आणि ऑटोने सालारजंग म्युझियम. (शुक्रवारी बंद असतं, आम्ही एकदा कुलूप बघून परतलोय.) बाराच्या आधीच पोचा. घड्याळातला छोटा बाहुला बाहेर येऊन बारा टोले देतो, ते बघायला सगळे समोर बसलेले असतात. लेकीने मोठ्याने टोले मोजले. आई मात्र बेंझोनीच्या संगमरवरी रेबेकापाशी अडकली. "दगडाचा पदर एवढा पातळ?" दहा मिनिटं हललीच नाही. परतताना नामपल्लीच्या पब्लिक गार्डनमध्ये धपाटे-दही. ऑटोचे पैसे आईनेच दिले. पुढच्या रविवारी झू, हेही तिनेच ठरवलंय.