लिंबाची साल

गेल्या उन्हाळ्यांत आम्हीं तीन आठवडे एका झाडाची साल तयार करण्यांत घालविले, असें सांगितलें तर वाचकांस आमच्या प्रकृतीविषयीं काळजी वाटावयाची. झाडानें साल धारण करावी, वैद्यानें तिचा काढा करावा आणि इतरांनीं तो नाक दाबून प्यावा, ही परंपरेनें ठरलेली वांटणी आहे; तींत लुडबुड करण्याचें आम्हांस वस्तुतः कांहीं कारण नव्हतें. परंतु तें कारण आम्हींच आपल्या हातानें उत्पन्न केलें होतें, आणि त्याची हकीकत थोडी लाजिरवाणी असल्यामुळें ती प्रथमच सांगून टाकलेली बरी.

परभणी जिल्ह्यांत, पूर्णा व नांदेड यांच्या दरम्यान, रेल्वेच्या रस्त्यावर चुडावा नांवाचें गांव आहे. तेथें आमचें वडिलार्जित घर असून त्याच्या अंगणांत एक लिंब होता. पुण्यामुंबईकडे ज्यास कडुलिंब म्हणतात, त्यास आमच्या मराठवाड्यांत नुसतें लिंब म्हणण्याची चाल आहे. कडूपणा गृहीतच धरलेला असतो. दोन वर्षांपूर्वीं घरास एक खोली जोडण्याचें ठरलें आणि पायाची आंखणी नेमकी त्या लिंबावरून गेली. थोरल्या बंधूंनीं आम्हांस फोनवरून विचारलें. आम्हीं शंभर कोसांवर खुर्चींत बसून "पाडा" असें उत्तर दिलें. उत्तर द्यावयास अर्धें मिनिट लागलें असेल. आईस कोणींच विचारलें नाहीं. ती त्यावर कांहीं बोललीहि नाहीं. मात्र झाड पडलें त्या दिवशीं ती दुपारची जेवली नाहीं, असें वहिनींनीं मागाहून सांगितलें.

खोली झाली. आतां तिच्या भिंतीवर त्या लिंबाचें एक मोठें चित्र लावावें, अशी कल्पना बंधूंस सुचली. ज्याचा जीव घेतला त्याची तसबीर लावावयाची, ही मनुष्यजातीची जुनीच रीत आहे. परंतु शोधूं जातां असें आढळलें कीं, घरच्या चाळीस वर्षांच्या फोटोंत लिंब सर्वत्र आहे आणि कोठेंच नाहीं. लग्नाच्या फोटोंत तो नवरदेवाच्या पाठीमागें धूसर उभा होता, बारशाच्या फोटोंत त्याची केवळ सावली पडली होती. खोडाचें स्पष्ट असें एकहि चित्र नव्हतें. आमचा थोडाबहुत चरितार्थ संगणकावरील चित्रकामावर चालतो. तेव्हां झाडाचा आकार जुन्या फोटोंवरून घ्यावा आणि साल यंत्राकडून करवून घ्यावी, असें आम्हीं मोठ्या ऐटींत कळवून टाकलें.

हें काम वाटतें तितकें कठीण नाहीं. गिम्प म्हणून चित्रकामाची एक प्रणाली आहे. स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या बर्कली येथील दोघां विद्यार्थ्यांनीं ती १९९५ सालीं रचावयास घेतली, व ती आजहि कोणासहि फुकट मिळते. तींत प्रथम ढगाळ आभाळासारखी करड्या रंगाची आकृति उमटवावयाची. ती उभ्या दिशेनें ताणली कीं ढगांचे उभे पट्टे होतात. मग त्या पट्ट्यांस उंचसखलपणाचा नकाशा समजावयाचें : पांढरें तेथें उंचवटा, काळें तेथें खळगा. एका बाजूनें कल्पित प्रकाश पाडला कीं सपाट पडद्यावर तत्काळ भेगा दिसूं लागतात. वर राखी व तपकिरी रंग चढविला म्हणजे साल तयार. या ढगांमागील युक्ति केन पर्लिन या अमेरिकन गृहस्थांची. १९८२ सालच्या 'ट्रॉन' चित्रपटासाठीं काम करीत असतां यंत्रानें काढलेल्या चित्रांचा अतिरेकी गुळगुळीतपणा त्यांस खटकला. तेव्हां नियमांत बांधलेली अनियमितता उत्पन्न करण्याची रीत त्यांनीं १९८३ च्या सुमारास शोधून काढली. पुढें १९९७ सालीं हॉलिवुडच्या अकादमीनें त्याबद्दल त्यांचा सन्मानहि केला.

एका तासांत साल तयार झाली. ती खोडावर चढविली मात्र, आणि आमचा लिंब छापील चीट गुंडाळलेल्या खांबासारखा दिसूं लागला. कारण उघड होतें. यंत्रांत सालीचा एक चौकोनी तुकडा करून तोच पुनःपुन्हां जोडावयाचा असतो. सांधे दिसूं नयेत म्हणून तुकडा अर्ध्यावर सरकवून कडा मधोमध आणतात व तेथें घासूनपुसून घेतात. तेंहि आम्हीं केलें. सांधा नाहींसा झाला, परंतु तीच गांठ खोडावर पांच ठिकाणीं डोळा मिचकावूं लागली. आम्हांस जुन्या नाटक मंडळ्यांच्या जंगलाच्या पडद्याची आठवण झाली. कण्वाचा आश्रम असो कीं दमयंतीचें घोर अरण्य असो, एकाच पडद्यावर भागवून घेतां येई. कारण तें जंगल कोणाच्याच गांवचें नव्हतें. आमची सालहि तशीच होती. ती कोणत्याहि झाडाची होती, म्हणून आमच्या झाडाची नव्हती.

शेवटीं यंत्र मिटून आम्ही चुडाव्यास गेलों आणि आयुष्यांत प्रथमच झाडांच्या खोडांकडे पाहूं लागलों. बाभळीची साल काळसर व खोल उभ्या चिरांची. चिंचेच्या भेगा उभ्याआडव्या मिळून चौकोनी ढलप्या पडलेल्या. पेरूची साल पापुद्र्यांनीं गळून खोड तुळतुळीत. ही माहिती गुराख्याच्या पोरासहि असते, आम्हांसच नव्हती. दुपारच्या उन्हांत सर्व सपाट दिसतें, म्हणून आम्ही संध्याकाळीं कॅमेरा, टेप व बॅटरी घेऊन निघत असूं आणि खोडावर तिरपा प्रकाश पाडून फोटो घेत असूं. तिसऱ्या दिवशीं एका शेताच्या बांधावर जुन्या लिंबाचा घेर मोजीत असतां एक वृद्ध गृहस्थ लगबगीनें आले.

"काय बघायलाव?" त्यांनीं विचारलें.

"साल बघतोंय, बाबा."

"बघा. पण झाड इकायचं न्हाई आमाला."

त्यांनीं आम्हांस लांकडाचा व्यापारी समजलें होतें. गैरसमज दूर करण्यासाठीं आम्हीं तोंड उघडलें; परंतु स्वतःच्या अंगणांतील झाडाचा निकाल अर्ध्या मिनिटांत लावणाऱ्या माणसानें कोणत्या तोंडानें तो दूर करावा? आम्हीं टेप गुंडाळून खिशांत घातला.

भेगा कां पडतात हें त्या दिवसांत आम्हांस उमगलें. सालीच्या आंत एक पातळ जिवंत थर असतो. तो आंतल्या अंगास लांकूड आणि बाहेरच्या अंगास साल वाढवीत जातो. सर्वांत बाहेरची साल मृत असते. आंतून खोड पोसत जातें, तिला ताणतां येत नाहीं, म्हणून ती फाटते. शिवाय खोड जाड होतें, पण त्याचा एकदां तयार झालेला भाग वर सरकत नाहीं. उंची वाढते ती शेंड्याकडे. त्यामुळें ताण आडवा बसतो आणि भेगा उभ्या पडतात. जेथें फांदी तुटलेली असते तेथें साल जखमेच्या कडेनें ओंठासारखी फुगून येते, आणि ओढ्यांतील दगडास पाण्यानें वळसा घालावा तशा भेगा तिला वळसा घालतात. वर्षाला साल म्हणतात तो शब्द फारसींतला आणि झाडाची साल वेगळी, हें आम्हांस ठाऊक आहे. तरी हीं दोन सालें एकमेकांस इतकीं जवळची असतील असें आम्हांस वाटलें नव्हतें.

त्या समजुतीनें आम्हीं सर्व काम मोडून पुन्हां केलें. बुंध्याशीं भेगा खोल ठेविल्या, वर उथळ केल्या, फांद्यांवर जवळजवळ पुसून टाकल्या. जखमांभोंवतीं नकाशा हातानें वळविला. चित्र छापून आईपुढें ठेविलें. तिनें चष्मा लावून तें बराच वेळ पाहिलें.

"लिंब चांगला काढलास रे," ती म्हणाली, "पण हा आपला नव्हे. कंदिलाचा खिळा कुठं आहे? अन् गाईच्या दाव्यानं घासलेली जागा?"

खिळा वडिलांनीं ठोकला होता. लहानपणीं तो आमच्या डोक्याच्या वर होता आणि मोठेपणीं छातीशीं आला होता. तो खालीं घसरला असें आम्ही कित्येक वर्षें समजत होतों! वास्तविक तो जागच्या जागीं होता. वाढलों होतों ते आम्ही. सालीनें त्यास हळूहळू गिळून केवळ त्याचें डोकें बाहेर ठेविलें होतें. कंबरेइतक्या उंचीवर गाईच्या दाव्यानें घासून गुळगुळीत, काळाभोर पट्टा झाला होता. हें सर्व आम्हांस आतां लख्ख आठवूं लागलें.

आई उठली आणि आपल्या लांकडी पेटींतून लुगड्याच्या धडप्यांत बांधलेली एक वस्तु घेऊन आली. तळहाताएवढा सालीचा तुकडा होता, आणि त्यांत तोच खिळा.

"करवतीचे दात तुटतील म्हणून ती माणसं एवढा भाग तासून टाकायला लागली होती. मी म्हटलं, मला द्या."

"मग हें आधीं कां नाहीं सांगितलंस?" आम्हीं विचारलें. "तीन आठवडे आम्ही गांवभर साली शोधत फिरलों!"

"तुम्ही विचारलंत कुठं?"

यावर बोलण्यासारखें कांहीं नव्हतें. एकदां झाड पाडतांना आणि एकदां तें उभें करतांना, दोन्ही वेळां आम्ही त्याच एका माणसास विचारावयाचें विसरलों होतों. त्या तुकड्यावर तिरपा प्रकाश पाडून आम्हीं फोटो घेतले, खिळा आणि दाव्याचा पट्टा आई सांगेल त्या जागीं बसविला, आणि चित्र भिंतीवर लागलें. तुकडा तिनें परत मागून घेतला व पुन्हां धडप्यांत बांधून ठेविला. आमच्या हाताळण्यानें त्याची एक कड थोडी झडली आहे.

मागच्या महिन्यांत बंधूंचा पुन्हां फोन आला. परसांतील शेवग्याच्या मुळांनीं कुंपणाच्या भिंतीस तडा गेला आहे, काय करावें? आम्हीं सांगितलें, "आईला विचारा." या वेळीं उत्तर द्यावयास अर्धें मिनिटहि लागलें नाहीं.