तिस्तेच्या वरच्या अंगाला

मंगन मागे पडलं की तिस्ता रस्त्यापासून खोल खाली जाते आणि दरी चिंचोळी होत जाते. गंगटोकहून उत्तर सिक्कीमला निघालेल्या गाड्यांना थांबायला सवड नसते. चौकीवर परवान्याचे कागद दाखवायचे, अंधार पडता पडता मुक्काम गाठायचा, पहाटे उठून गुरुडोंगमार नाहीतर युमथांग बघायचं आणि परत फिरायचं. मी या वाटेला लागलो तो एका माणसाच्या ओढीने. जोसेफ डाल्टन हूकर हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १८४९च्या मे महिन्यात दार्जिलिंगहून निघाला, ही दरी पायी चढला आणि ऑक्टोबर उजाडला तरी लाचेन-लाचुंगच्या खोऱ्यांतच फिरत होता.

वडील ग्लासगोत वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, पुढे लंडनच्या क्यू उद्यानाचे संचालक. मुलगा बाविसाव्या वर्षी रॉसच्या मोहिमेत ‘एरेबस’ जहाजावरून अंटार्क्टिकाकडे गेला. प्रजाती बदलत जातात, हा विचार डार्विनने १८४४ मध्ये पत्रातून विश्वासाने ज्याला सांगितला तो हाच हूकर. १८४८ मध्ये तो दार्जिलिंगला आला, ब्रायन हॉजसन यांच्या बंगल्यात राहिला आणि तिथून सिक्कीमच्या आतल्या खोऱ्यांकडे डोळे लावून बसला.

चुंगथांगला लाचेन आणि लाचुंग या दोन नद्या एकत्र येतात. हूकरचा तळ इथे होता. आज संगमापाशी उतरलं की आधी दिसतो तो गाळ आणि दगडधोंड्यांचा पसारा. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी दक्षिण ल्होनाक हे हिमनदीचं सरोवर फुटलं आणि १२०० मेगावॉटच्या तिस्ता-३ प्रकल्पाचं धरण वाहून गेलं. ते पाणी झेमू नदीच्या वाटेने आलं. त्याच झेमूच्या तोंडाशी हूकर आठवडेच्या आठवडे अडकून पडला होता.

अडकला, कारण त्याला अडवलं होतं. सिक्कीमच्या राजाने परवानगी दिली होती, पण मनापासून नाही, आणि दिवाण नामगे तर उघड विरोधात. वाट दाखवू नका, धान्य देऊ नका, असं वरून सांगितलेलं. सरहद्द नेमकी कुठे, यावर लाचेनचा पिपोन म्हणजे गावप्रमुख त्याच्याशी हुज्जत घालत राहिला. वर धो धो पाऊस, जळवा, आणि दार्जिलिंगहून येणारा शिधा वाटेतच खोळंबलेला. दरबाराचा संशय मला चुकीचा वाटत नाही. दार्जिलिंग १८३५ मध्येच ईस्ट इंडिया कंपनीकडे गेलं होतं, आणि हा पाहुणा डोंगरांच्या उंच्या मोजून नकाशा काढत होता.

पण हूकरचं खरं काम मला या खोळंब्यातच दिसतं. पुढे जाता येत नाही म्हटल्यावर त्याने आहे तोच डोंगर नीट पाहिला. पाणी किती तापमानाला उकळतं यावरून उंची काढायची, कोणतं झाड कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते लिहायचं, लेपचा सोबत्यांनी रानातून आणलेल्या फांद्या भिजक्या तंबूत कागदांमध्ये दाबून वाळवायच्या. घाईने पुढे गेला असता तर तो खिंडींची नावं घेऊन परतला असता, एवढंच.

लाचुंगला एका घरात उतरलो. रात्री घरच्या दीदींनी तोंगबा पुढे ठेवला: बांबूच्या नळकांड्यात आंबवलेली नाचणी, वरून ओतलेलं कढत पाणी आणि ओढायला बांबूचीच नळी. हूकरनेही या खोऱ्यांत हे पेय घेतलं होतं आणि आवडीने त्याबद्दल लिहिलं. दीदी म्हणाल्या, गावचे तंटे आजही पिपोन आणि गावसभा, म्हणजे जुम्सा, मिटवतात.

सकाळी युमथांगच्या रस्त्यावर, शिंगबा अभयारण्यात, मी गाडी सोडली आणि चालू लागलो. इथे ऱ्होडोडेंड्रॉनला गुरांस म्हणतात. एका झाडाची साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटत होती. आत गुळगुळीत, गुलाबीसर खोड, आणि पानं हातभर लांब. हूकरने या जातीला हॉजसनचं नाव दिलं. स्थानिक लोक तिच्या लाकडाचे पेले नि चमचे करतात आणि पानांवर जेवण वाढतात, हेही त्याने नोंदवलं. पुढे रक्तासारखी लालभडक, घंटेच्या आकाराची फुलं लागली. ती जात थॉमसन या त्याच्या मित्राच्या नावाची. पानांच्या पाठीवर पांढरी लव असलेली, जांभळ्या गुच्छांची जात आज सिक्कीमचा राज्यवृक्ष आहे. अजून वर, डोंक्या खिंडीच्या बाजूला, जमिनीपासून जेमतेम दोन बोटं उंच वाढणारं ‘निवाले’ जातीचं गुरांस त्याला सापडलं. तिथे थांबून राहिल्याशिवाय ते कुणाच्या नजरेस पडणं अवघड.

ऑक्टोबरात दार्जिलिंगचे अधिकारी कॅम्पबेल येऊन मिळाले. दोघे तिबेटच्या हद्दीत शिरले आणि डोंक्या खिंडीने उतरले. नोव्हेंबरात दिवाणाच्या माणसांनी कॅम्पबेलना पकडलं आणि बांधून मारहाण केली. हूकर त्यांना सोडून गेला नाही. नाताळच्या आदल्या दिवशी दोघे दार्जिलिंगला परतले. कंपनीने याची भरपाई जबरदस्त घेतली: १८५० मध्ये सिक्कीमची तराई आणि दार्जिलिंगभोवतीचा मुलूख खालसा केला, राजाचा वर्षाचा सहा हजार रुपयांचा तनखा बंद केला. एका वनस्पतिशास्त्रज्ञाच्या भटकंतीची एवढी किंमत सिक्कीमने मोजली, हे त्याची फुलं पाहताना विसरता येत नाही.

सिक्कीमच्या गुरांसांवरचं त्याचं तीस रंगीत चित्रांचं पुस्तक १८४९ पासून भागाभागाने निघू लागलं, तेव्हा तो अजून हिमालयातच होता. पुढे वीस वर्षं त्याने क्यू उद्यान सांभाळलं आणि भारताच्या वनस्पतींचा सात खंडांचा कोश १८९७ मध्ये पुरा केला. आपल्या हरिश्चंद्रगडावरचं कंदीलपुष्प, ‘सेरोपेजिया लॉई’, त्याच कोशात त्याच्या लेखणीने शास्त्राच्या नोंदीत आलं.

तुम्ही जाणार असाल तर मे महिन्यात जा. लाचुंगला निदान दोन रात्री राहा, आणि युमथांगला पोचण्याआधी गाडी थांबवून शिंगबातून पायी चाला. फूल तोडू नका, तिथे त्याला मनाई आहे.