आफ्रिकेंतील निद्रिस्त ज्वालामुखी

जागृत, निद्रिस्त व मृत असे ज्वालामुखींचे तीन वर्ग भूगोलाच्या पुस्तकांत केलेले असतात. त्यांपैकीं 'निद्रिस्त' या शब्दाचा नीट विचार करावा, म्हणून आज आम्ही वाचकांस आफ्रिका खंडाच्या नकाशावरून थोडें फिरवून आणणार आहों.

उत्तरेकडून निघूं. इथिओपियाच्या ईशान्येस अफार नांवाचा अत्यंत उष्ण व रूक्ष प्रदेश आहे. येथें पृथ्वीचें कवच ताणून फाटत आहे. ही भेग केनिया, टांझानिया इत्यादि देशांतून दक्षिणेकडे गेलेली असून तिच्या दोहों बाजूंचे भूभाग वर्षास कांहीं मिलिमीटर इतक्या मंद गतीनें एकमेकांपासून दूर सरकत आहेत. कवच पातळ झालें म्हणजे खालच्या तप्त रसास वर येण्यास वाट मिळते. आफ्रिकेंतील पुष्कळसे ज्वालामुखी या भेगेच्या आश्रयानें उभे आहेत, तें याच कारणानें.

अफारमधील एर्टा आले या पर्वताच्या मुखांत अग्निरसाचें तळें कित्येक दशकें उकळत राहिलेलें लोकांनीं पाहिलें आहे. त्याच्याच रांगेंत दक्षिणेस हायली गुब्बी नांवाचा ज्वालामुखी आहे. गेल्या सुमारें १२,००० वर्षांत त्याचा उद्रेक झाल्याची नोंद नव्हती. कुंभकर्णासही लाजविणारी ही झोप २३ नोव्हेंबर २०२५ रोजीं एकाएकीं मोडली! राख सुमारें १४ किलोमीटर उंच उडाली, आणि तांबडा समुद्र व अरबस्तान ओलांडून दुसऱ्याच दिवशीं आपल्या देशाच्या वायव्य भागावर येऊन दिल्लीपर्यंत पोंचली. विमानांचीं कित्येक उड्डाणें रद्द करावीं लागलीं. आपल्यावरून ती राख उंचावरूनच निघून गेली. परंतु पर्वताजवळच्या खेड्यांत गुरांचा चारा तिच्याखालीं गाडला गेला. गुराढोरांवर जगणाऱ्या अफार लोकांस याहून मोठें संकट तें कोणतें?

दक्षिणेस टांझानियांत ५,८९५ मीटर उंचीचा किलिमांजारो लागतो. त्याच्या तीन शिखरांपैकीं शिरा व मावेंझी हीं मृत मानतात. सर्वांत उंच किबो मात्र निद्रिस्त आहे. माथ्यावर हिम असूनही त्याच्या मुखाशीं गंधकाचा वास येतो. म्हणजे झोपलेल्याचा श्वास चालूच आहे!

भेगेच्या पश्चिम शाखेवर, काँगो देशांत, न्यिरागोंगो आहे. तो जागृत असून त्याचा रस फार पातळ, म्हणून फार वेगानें धांवणारा. २००२ सालीं तो रस गोमा शहराच्या मध्यांतून किवू सरोवरांत उतरला. २०२१ सालीं तो शहराच्या वेशीशीं येऊन थांबला. तरी लोक परततात आणि थिजलेल्या त्या काळ्या दगडावरच पुनः घरें बांधतात. घरदार व पोट जेथें आहे, तेथून मनुष्यानें जावें तरी कोठें?

आतां ही भेग सोडून पश्चिम किनाऱ्याकडे कॅमेरूनमध्यें जाऊं. तेथें ज्वालामुखींची निराळीच रांग आहे. तींतील एका जुन्या मुखांत न्योस नांवाचें शांत सरोवर आहे. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्रीं, ज्वाळा नाहीं, राख नाहीं, असें असतां, त्याच्या तळाशीं विरघळून सांचलेला कर्बवायु एकदम उसळून बाहेर पडला. हवेहून जड असल्यामुळें तो दऱ्यांतून खालीं उतरला, आणि सुमारें १,७०० माणसें गुदमरून मृत्यु पावलीं. पुढें २००१ सालीं तळापर्यंत नळ सोडून तो वायु थोडाथोडा बाहेर काढण्याची योजना सुरू झाली.

आमच्या मतें या प्रवासाचें सार हेंच. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणही अग्निरस थिजूनच झालेला आहे. परंतु तो अग्नि ६ कोटींहून अधिक वर्षांपूर्वींचा, आणि विझलेला. त्या मोजमापानें १२,००० वर्षें म्हणजे एक डुलकी! निद्रा ही पर्वताची म्हणतात, पण ती मोजतो आपण, आपल्या स्मरणाच्या लहानशा काठीनें. पर्वतास जागें होण्यापासून कोणी अडवूं शकत नाहीं. मात्र न्योसच्या त्या नळाप्रमाणें, त्याच्या उशाशीं राहणाऱ्यांसाठीं कोणीतरी जागें राहणें मनुष्याच्या हातीं आहे.